फरशी बदलण्याआधी खालची जमीन बघा: सोलापुरातल्या घरासाठी निवड, दुरुस्ती आणि बसवणी

सोलापुरात माणूस फरशीवर जगतो. पारा चाळिशी ओलांडला की दुपारी पंखा लावून उघड्या फरशीवर आडवं व्हायचं, जेवायला मांडी घालून खालीच बसायचं, शेवया-कुरडया खोलीभर पसरायच्या. पूर्व भागात तर मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायका दिवसाचे कित्येक तास त्याच फरशीवर असतात. म्हणून दुकानात स्टँडवर उभी करून, वरून दिवा सोडून दाखवलेली टाइल बघून निर्णय घेऊ नका, असं मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. टाइल आडवी ठेवा, चप्पल काढा, तिच्यावर उभं राहा, पाणी ओता, पुन्हा उभं राहा.

गेली वीस वर्षं मी घरदुरुस्तीची कामं बघतोय. फरशी खराब झाली म्हणून लोक बोलावतात आणि दहातल्या सात-आठ घरांत फरशी धडधाकट असते. बिघाड तिच्या खाली असतो: पोकळ माल (फरशीखालचं सिमेंट-वाळूचं मिश्रण), खचलेली काळी माती, झिरपणारा हौद, नाहीतर मोरीचा फुटलेला पाइप. वरची फरशी बदलून खालचा आजार बरा होत नाही. दोन पावसाळ्यांत नवी टाइलही तसंच बोलायला लागते.

आमच्या स्वतःच्या घरात हे मी भोगलंय. हॉलला दोन बाय दोनची चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल बसवली होती. काम करणाऱ्याने टाइलला टाइल अगदी चिकटवून लावली, सांधा दिसायलाच नको म्हणून, आणि खाली नुसतं सिमेंटचं पाणी. त्या वेळी मी कामाला नवा होतो, मलाही ते सुरेख वाटलं. एका मे महिन्यात भर दुपारी कडाड आवाज झाला. धावत जाऊन बघतो तर हॉलच्या मधल्या दोन रांगा तंबूसारख्या समोरासमोर उठून उभ्या! खाली हात घातला तर टाइलची पाठ स्वच्छ, कोरी. मालाचा एक कणही तिला धरलेला नव्हता. उन्हाने टाइल वाढली, बाजूला सरकायला जागा नाही, खाली पकड नाही, मग ती वरच उठणार.

आधी ठोकून बघा

एक नाणं, खडू, लांब सरळ पट्टी आणि एक निवांत सकाळ एवढंच लागतं. खोलीच्या एका कोपऱ्यापासून सुरू करून प्रत्येक फरशीवर पाच ठिकाणी नाण्याने ठोका: चार कोपरे आणि मध्य. भरीव फरशी टक्क बोलते, पोकळ फरशी भद्द. पोकळ निघेल तिथे खडूने फुली मारत चला. खोली संपली की उभं राहून फुल्यांचा नकाशा बघा.

फुल्या इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर बसवताना माल नीट भरला गेला नाही, एवढाच अर्थ. एखाद-दुसरी पोकळ फरशी पलंगाखाली असेल आणि हलत नसेल तर तिला हात लावू नका. फुल्या सगळ्या एकाच भिंतीकडे दाटल्या असतील तर त्या बाजूची जमीन खचतेय. आणि चार-पाच फरश्यांमधून एकच सरळ तडा पार जात असेल तर तो तडा खालच्या कोब्यातून, म्हणजे फरशीखालच्या काँक्रीटच्या थरातून, वर आलाय.

तड्याची परीक्षा घ्यायला वेळ द्या. दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. सोलापूरच्या काळ्या मातीचा स्वभाव असा की पावसात पाणी पिऊन ती फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा टाकते. तुमचा तडा मेमध्ये उघडून सप्टेंबरमध्ये मिटत असेल तर तो मातीचा खेळ आहे. वर्षभर वाढतच चालला असेल, भिंतीवरही चढला असेल, तर फरशीवाल्याच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. इथे घाई करून पैसे वाचत नाहीत.

ओलीची परीक्षा याहून सोपी. दोन फूट बाय दोन फूट जाड पारदर्शक प्लास्टिक फरशीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला दव धरलं किंवा फरशी काळवंडली तर ओल जमिनीतून वर येतेय. सांध्यांतून पांढरी भुकटी फुटत असेल तर तोही त्याच ओलीचा निरोप. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरोघरी अंगणात नाहीतर जिन्याखाली हौद असतोच. ओल हौदाच्या बाजूने येतेय का हे बघायला हौद भरला की पातळीची खूण करा, झाकण लावून एक रात्र पाणी वापरू नका, सकाळी पुन्हा मोजा.

शहाबादी असेल तर काढण्याआधी दहा वेळा विचार करा

पेठांमधल्या जुन्या घरांत अजून शहाबादी आहे. शहाबाद गाव आपल्याच रेल्वेमार्गावर, कलबुर्गीच्या पुढे. तांडूरचा पिवळा आणि निळसर दगडही त्याच बाजूने येतो. जवळचा दगड म्हणून आजोबांच्या पिढीने तो घरभर घातला आणि इथल्या हवेला तो असा मानवला की त्याला तोड नाही. एक-दीड इंच जाडीचा, पायाला थंड, खाली वरवंटा पडला तरी फार तर टवका उडतो.

गेल्या वर्षी एका घरात सगळी शहाबादी उखडून टाइल लावायची असं ठरलं होतं. आमच्याबरोबर काम करणारे एक जुने मिस्त्री आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी विचारलं, "अण्णा, काढायची का?" ते उकिडवे बसले, पाण्याने एक कोपरा खसाखसा घासला. काळपट थराखालून निळसर-करडा रंग वर आला. म्हणाले, "मालक, दगड जिता आहे. माल मेलाय. माल बदलू." बावीस फरश्या काढून परत बसवल्या, सगळ्या घराला पॉलिश केलं. घरमालकांच्या आई पहिल्या दिवशी त्या फरशीवर हात फिरवत बसल्या होत्या.

हलणारी शहाबादी परत बसवायची ती अशी. प्रत्येक फरशीवर खडूने नंबर टाका आणि दिशेचा बाण काढा, कारण हाताने फोडलेला दगड दुसऱ्या जागी बसत नाही. सांधा छिन्नीने मोकळा करून पहार हलकेच घाला. पहारेखाली लाकडाचा तुकडा ठेवा, म्हणजे शेजारच्या फरशीची कड तुटत नाही. खालचा भुसभुशीत माल घट्ट थर लागेपर्यंत खरवडून काढा. जागा झाडा, पाणी मारा, एक भाग सिमेंट आणि पाच भाग वाळूचा माल पसरा, त्यावर सिमेंटची दाट खीर ओतून फरशी ठेवा आणि रबरी हातोड्याने ठोकत शेजारच्या फरशीला मिळवा. शहाबादीची जाडी प्रत्येक दगडाला वेगळी, म्हणून खालचा माल कुठे एक इंच तर कुठे दोन इंच येतो. हे चालतं. पोकळी राहिलेली चालत नाही. सांध्यात सिमेंटबरोबर शहाबादीचीच बारीक कच मिसळली तर दुरुस्ती डोळ्यांत भरत नाही.

पॉलिश मात्र सांधे पक्के वाळल्यावर, आठवड्याभराने. मशिनला आधी भरड दगड, मग क्रमाने बारीक, अशा तीन-चार फेऱ्या होतात, शेवटी ऑक्झॅलिक पावडर. भिंतींवर दोन फुटांपर्यंत चिखल उडतो, तेव्हा पॉलिश नेहमी रंगाच्या आधी उरका. तो चिखल मोरीत सोडू नका. पाइपात बसून तो दगड होतो. बादलीत गोळा करून, वाळवून टाकून द्या.

शहाबादी, तांडूर, कोटा, कडाप्पा हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड. आम्लाशी त्यांचं वैर आहे. दुकानातून एक तुकडा आणा आणि लिंबाचे दोन थेंब टाका. बारीक बुडबुडे येतात, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येते, आणि पुसल्यावर तिथे पांढुरका, झिलई गेलेला डाग राहतो. बाथरूम धुवायचं अ‍ॅसिड पूर्ण फरशीचं हेच करतं. साध्या पाण्यात सौम्य साबण, एवढंच या दगडाला द्या.

जमीन खचली असेल तर

तळमजल्याची फरशी खचली असेल तर वरून माल भरून लेव्हल करू नका. मी हे तीन-चार घरांत बघितलंय: वजन वाढतं आणि जमीन आणखी खाली बसते. फरशी काढा, कोबा फोडा आणि खालचं भरणं उघडं करा. काळी माती निघाली तर निदान दीड-दोन फूट काढून टाका. भिंतीलगत मात्र पायाच्या खाली खणू नका. जुन्या दगड-मातीच्या भिंती तेवढ्यानेही सरकतात. ओल कुठून येते ते आधी शोधा, पाइप दुरुस्त करा आणि मगच भरायला घ्या.

भरणं मुरमाचं. सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस, म्हणजे ठोकून घट्ट बसवणं. दोन फूट मुरूम एकदम टाकून वरून पाणी सोडलं की झालं, असं काही जण सांगतील. ऐकू नका. वरचे चार इंच घट्ट होतात आणि खालचे वीस इंच पुढची दोन वर्षं बसत राहतात. मुरूम पूर्ण झाला की वाळवीचं औषध मारून घ्या, हीच वेळ आहे. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, जोडाला निदान सहा इंच एकावर एक, आणि वर १:४:८ चा (एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी) किमान ४ इंच कोबा. ओल वर येण्याची वाट हा कागद अडवतो. कोब्याला सात दिवस पाणी. तुमच्या भागात पाणी कोणत्या दिवशी येतं ते बघून कोब्याचा दिवस ठरवा, आणि मधल्या दिवसांसाठी ओली पोती अंथरून ठेवा.

फरशीच्या कामाला दिवाळीनंतरचे दिवस सर्वांत चांगले. पावसाने जमीन जी काही बसायची ती बसलेली असते आणि ऊन माल करपवत नाही. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत काम आवरलं तर उत्तम. वास्तुशांतीची तारीख आधी ठरवून मग फरशीवाल्याला पळवायचं, हे करू नका. सिमेंटला मुहूर्त कळत नाही.

कोणत्या खोलीला काय

टाइलच्या दुकानात तीन-चार नावं कानावर पडतात. सिरॅमिक म्हणजे कमी भाजलेली, पाणी शोषणारी. भिंतीची सिरॅमिक टाइल वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते, ती जमिनीवर कधीच लावू नये. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्क्याच्या आत. दुकानातच टाइल उलटी करा, पाठीवर चमचाभर पाणी टाका आणि दहा मिनिटं गप्पा मारा. पाणी तसंच राहिलं तर व्हिट्रिफाइड. व्हिट्रिफाइडमध्ये ग्लेझ्ड प्रकारात नक्षी फक्त वरच्या पातळ थरात असते, डबल चार्जमध्ये रंग वरच्या काही मिलिमीटरपर्यंत जातो, आणि फुल बॉडीत आरपार. ज्या घराला रस्त्याची धूळ आणि चपलांतली रेती रोज आत येते, तिथे हॉल आणि व्हरांड्याला डबल चार्ज किंवा फुल बॉडी घ्या. खोक्यावर आयएस १५६२२ हा टाइलचा भारतीय मानक क्रमांक बघून घ्या.

चकाकीच्या मागे लागू नका, ही माझी कळकळीची विनंती. चकचकीत टाइलवर आपल्या बोअरच्या जड पाण्याचे पांढरे ओघळ उठतात, ओरखडे दिसतात आणि ओल्या पायाने घरातलं वयस्क माणूस घसरतं. मॅट किंवा सॅटिन, मध्यम रंगाची, किंचित ठिपक्यांची टाइल इथल्या धुळीला आणि पाण्याला दोन्हीला सांभाळून घेते.

स्वयंपाकघरात टाइलपेक्षा सांधा महत्त्वाचा. हळद, तेल, शेंगाची चटणी, हे सगळं पांढऱ्या सिमेंटच्या सांध्यात उतरतं आणि परत येत नाही. तिथे इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा मसाला) लावा, महाग असलं तरी. ओट्याच्या पुढचे चार फूट केले तरी पुरे.

बाथरूमला एक बाय एकची खडबडीत टाइल. लहान टाइलला उतार चारी बाजूंनी देता येतो आणि सांधे जास्त म्हणून पायाला पकड मिळते. घसरण मोजायची आर९ ते आर१३ अशी एक मापणी आहे. बाथरूमला आर१० किंवा आर११ मागा.

ज्या खोलीत माग आहे तिथे टाइल नकोच. पॉवरलूमच्या धडधडीने दोन वर्षांत सांधे सुटतात. जाड शहाबादी किंवा घोटलेला कोबा, बस. लाकडी लॅमिनेट आपल्या फरशी धुण्याच्या सवयीला आणि वाळवीला टिकत नाही. विनाइलचे पत्रे भाड्याच्या घरात वरच्या मजल्याच्या झोपायच्या खोलीला ठीक, पण दुपारी त्यांच्यावर उघड्या अंगाने लोळून बघा, दगडाचा गारवा नाही. आणि वरच्या मजल्याची खोली तापते ती छतामुळे. फरशीवर जास्त खर्च करण्यापेक्षा गच्चीवर पांढऱ्या चिनी तुकड्यांचं काम करून घ्या, फरक त्याच उन्हाळ्यात कळेल.

हिशोब

उदाहरणाला १० बाय १२ ची खोली घेऊ, म्हणजे १२० चौरस फूट. "दोन बाय दोन"ची टाइल खरं तर ६०० मिलिमीटरची असते, पूर्ण दोन फुटांची नाही. चार टाइलच्या बॉक्समध्ये १६ नाही, साधारण १५.५ चौरस फूट येतात. मोठ्या घराला हा अर्धा फूट दोन-तीन बॉक्स खातो. सरळ बसवायला १० टक्के तूट धरा, तिरपी बसवायला १५. म्हणजे १३२ भागिले १५.५, नऊ बॉक्स. स्कर्टिंगसाठी, म्हणजे भिंतीच्या तळाशी लागणाऱ्या टाइलच्या पट्टीसाठी, खोलीचा घेर ४४ फूट, दार वजा केलं तर ४१. एका टाइलच्या चार-चार इंचांच्या सहा पट्ट्या निघतात, कापण्यात थोडं जातंच, तरी एका टाइलमध्ये अकरा फुटांच्या पुढे काम होतं. चार टाइल, म्हणजे आणखी एक बॉक्स. एक बॉक्स राखीव. एकूण अकरा.

सगळे बॉक्स एकाच बॅचचे आणि एकाच शेडचे घ्या, नंबर खोक्यावर छापलेला असतो. घरी आल्यावर उतरवून घेतानाच तपासा. नंतर दुकानदार ऐकत नाही. दोन टाइल तोंडाला तोंड लावून धरा आणि कडेने बघा. मधून उजेड जास्त दिसला तर टाइल वाकलेली आहे. लांब, दोन बाय चारच्या टाइलला थोडा बाक असतोच, म्हणून तिला विटेसारखा अर्ध्यावर सांधा देऊ नका. एकीचा उंच मध्य दुसरीच्या खाली गेलेल्या कडेशेजारी येतो आणि पायाला ठेच लागते. एक तृतीयांशावर द्या.

मालाचं: दीड इंच जाडीला १२० चौरस फुटांत १५ घनफूट ओला माल लागतो, कोरडा साधारण २०. १:५ ला सिमेंटची पावणेतीन पोती, म्हणजे तीनच आणा, आणि वाळू १६-१७ घनफूट. टाइल अ‍ॅडेसिव्हचं (टाइल चिकटवायच्या तयार मसाल्याचं) २० किलोचं पोतं ४० ते ५० चौरस फुटांना पुरतं, तीन पोती. अ‍ॅडेसिव्हवर आयएस १५४७७ आणि टाइप बघा: साध्या सिरॅमिकला टाइप १, व्हिट्रिफाइडला निदान टाइप २, जुन्या टाइलवर नवी टाइल लावायची तर टाइप ३. काही गवंडी अ‍ॅडेसिव्हला नाही म्हणतात. त्यांना चिडून नव्हे, समजावून सांगा: व्हिट्रिफाइड टाइल पाणी पीत नाही, त्यामुळे सिमेंटला तिच्या पाठीत मुळं धरता येत नाहीत. टाइल रात्रभर पाण्यात बुडवून ठेवली तरी हे बदलत नाही.

बसवणी

क्रम असा: आधी नळाच्या लाइन, त्यांची गळतीची चाचणी, मग वायरिंगचे पाइप, गिलावा, मग फरशी, शेवटी दारं घासणं आणि रंगाचा अखेरचा हात.

पहिला दिवस लेव्हलचा. पाण्याची नळी घेऊन घरभर एकाच उंचीची खूण भिंतींवर मारा. सगळं मोजमाप या रेषेपासून खाली. मुख्य दाराचा उंबरा, जिन्याची पहिली पायरी आणि बाथरूमचं दार, या तीन जागी नवी फरशी किती उंच येते ते आधी काढा. बाथरूम खोलीपेक्षा निदान अर्धा इंच खाली हवं. मग गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून बघा. जुन्या घराच्या भिंती काटकोनात नसतात, म्हणून भिंतीला टाइल समांतर लावायला गेलात तर समोरच्या टोकाला पाचर निघते. दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजा, दोन टोकांतलं अंतर ५ फूट आलं की काटकोन. दारातून आत बघताना डोळ्यासमोर पूर्ण टाइल यावी, कापलेले तुकडे पलंग किंवा कपाटाच्या भिंतीकडे जावेत. टाइल न चिकटवता नुसत्या मांडून बघा. घरातल्या बायकांना त्या वेळी बोलवा, फरशीवर सर्वांत जास्त वावर त्यांचा आहे.

खालचा कोबा झाडून, रात्री पाणी मारून ठेवा. सकाळी वर डबकं नको, फक्त ओल हवी. दीड इंच माल पट्टीने सपाट ओढून घट्ट करा आणि सुकू द्या, सावकाश, पाणी मारत. अ‍ॅडेसिव्ह लावायचं ते या वाळलेल्या सपाट थरावर. ओल्या मालावर नको.

अ‍ॅडेसिव्ह एका वेळी अर्ध्या तासात संपेल एवढंच कालवा. सोलापूरच्या मार्चनंतरच्या हवेत त्याच्यावर झपाट्याने साय धरते. बोट लावून बघा: बोटाला लागलं तर टाइल ठेवा, नाही लागलं तर खरवडून नवं पसरा, वर पाणी शिंपडू नका. खिडक्यांवर ओली चादर लावून झळ अडवा, काम सकाळी आणि चारनंतर. खाचांच्या थापीने सगळ्या रेघा एकाच दिशेने ओढा, गोल नाही, म्हणजे हवा बाहेर निघते. मोठ्या टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरवा. गवंड्याने चार टाइल लावल्या की पाचवी तुम्ही स्वतः उचलून बघा. पाठ पूर्ण माखलेली दिसली पाहिजे. चार कोपरे आणि मध्यात नुसते लाडवासारखे गोळे दिसले तर तिथेच काम थांबवा. तेच पुढे भद्द बोलतात, त्यावरच गॅस सिलिंडर ठेवला की टाइल फुटते.

आत २ ते ३ मिलिमीटरचा सांधा, गच्चीला ५. आणि चारी भिंतींना ८ ते १० मिलिमीटर जागा मोकळी, स्कर्टिंगखाली ती झाकली जाते. आमच्या हॉलमध्ये एवढी जागा सोडली असती तर तो तंबू उठलाच नसता. ग्राउट दुसऱ्या दिवशी, चोवीस तासांनी. तोवर कोणी चालायचं नाही, अगदी देवघरात दिवा लावायलाही नाही, म्हणून दिव्याची सोय आधीच दुसरीकडे करा. टाइल कापताना पाण्याचा कटर वापरायला लावा आणि कापणाऱ्याला मास्क द्या. टाइल आणि ग्रॅनाइटच्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात बसते, आणि कारागीर हे रोज करतो.

बाथरूमचं पाणी

जुनी फरशी काढल्यावर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, भिंतीवर निदान एक फूट चढवून. मग ट्रॅपला, म्हणजे पाणी जायच्या तोंडाला, गोळा घालून दीड इंच पाणी भरा आणि दोन दिवस ठेवा. ५ बाय ६ च्या बाथरूमला हे पाणी साधारण १०० लिटर होतं, अर्ध्या बॅरलएवढं. पाणी टंचाईचं कारण सांगून ही चाचणी टाळणारे भेटतात. खाली राहणाऱ्यांच्या छताकडे बघा आणि चाचणी करूनच घ्या, ते पाणी नंतर कोब्याला मारता येतं. उतार फुटाला एक ते दीड सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). सहा फूट लांबीला पाऊण इंच ते एक इंच एक सूत. टाइल लागल्यावर मग्गाभर पाणी सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात ओता आणि थांबा. कुठे डबकं राहिलं तर ग्राउट भरण्याआधीच ती टाइल काढायला लावा.

टाइलवर टाइल, आणि माळवद

जुनी टाइल भरीव असेल, लेव्हल असेल, तर तिच्यावर अ‍ॅडेसिव्हने नवी लावता येते. पोकळ टाइल आधी काढून भरा, पृष्ठभाग घासून तेलकटपणा घालवा. उंची साधारण अर्धा इंच वाढते, दारं घासावी लागतात. वजनाचा फायदा मोठा: १२० चौरस फुटांत दोन इंच माल आणि टाइल म्हणजे जवळपास १,४०० किलो, तर टाइलवर टाइल ३०० किलोच्या आसपास. जुन्या स्लॅबला हा फरक फार आहे. लाकडी तुळयांच्या माळवदावर मात्र यातलं काहीच नको. तिथे आधीच मातीचं वजन आहे, तुळईची टोकं भिंतीत कुजलेली असतात आणि बाहेरून दिसत नाहीत.

एकच टाइल फुटली असेल तर आधी तिचे चारी सांधे कटरने पूर्ण मोकळे करा, मग मधून फोडत कडेकडे या. कडेला पहार लावली की शेजारची जाते. खालचा माल नव्या टाइलची जाडी आणि अ‍ॅडेसिव्ह मावेल इतका खरवडा. बसवल्यावर तिच्यावर आणि शेजारच्यांवर मिळून पट्टी आडवी धरा, पट्टी डुलली नाही पाहिजे.

काम चालू असताना, माल टाकण्याआधी, जमिनीतल्या प्रत्येक पाइपचा फोटो घ्या, शेजारी टेप उघडी ठेवून, भिंतीपासूनचं अंतर दिसेल असा. ते फोटो छापून एका पाकिटात घाला. राखीव बॉक्सवर खोलीचं नाव, दुकान, बॅच आणि शेड नंबर मार्करने लिहा, पाकीट त्याच बॉक्सला चिकटवा आणि बॉक्स माळ्यावर उभा ठेवा, आडवा नाही.